रॅपवाल्याच्या नावाची घागर

मेलेल्या गाणाऱ्याचं एवढं काय कौतुक, असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचे. घसा बसेपर्यंत वाद घालायचे. आता नुसती बघत राहते त्यांच्याकडे. ज्यांच्या भिंतीवर कधीही न पाहिलेल्या पणजोबांचा फोटो हार घालून टांगलेला असतो, तेच मला विचारतात, तू त्याला कधी पाहिलं तरी होतंस का.

नाही पाहिलं. तो लांब उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातला, आणि मी सुरतेत लिंबायतला जन्मलेली खानदेशी मुलगी. तो आपल्या गावच्या बोलीत रॅप करायचा. मोठा झाला, पैसा आला, मोठ्या शहरांतल्या स्टेजवर उभा राहिला, तरी बोली सोडली नाही. आणि एका सकाळी हायवेवर गाडी उलटून गेला. लग्नसुद्धा झालं नव्हतं त्याचं.

त्याला आता काही वर्षं झाली, पण सुरतेतून तो काही गेलेला नाही. रिक्षांच्या मागच्या काचेवर तो आहे. उत्तरायणाला पतंगावर असतो. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये देवाच्या फोटोशेजारी त्याचा फोटो आहे, आणि पोरं बोटाने दाखवून तशी दाढी कोरून घेतात. दरवर्षी कुणीतरी अफवा सोडतं की तो मेलाच नाही, दुबईत दिसला. मी रिंगरोडच्या मार्केटमध्ये एका साडीच्या दुकानात मालाचे फोटो काढून गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवायचं काम करते. तिथेही त्याच्या चेहऱ्याचे दुपट्टे येऊन गेले आणि हातोहात संपले. सुरत आहे ही. इथे दुःखसुद्धा मीटरवर विकलं जातं, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

शिकलेली माणसं म्हणतात, या पोरांच्या आयुष्यात काही नाही म्हणून ती मेलेल्याच्या मागे लागतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मला माहीत असलेला त्याचा सगळ्यात मोठा भक्त पोरगा नव्हता. ती माझी माय होती, पन्नाशी ओलांडलेली, नऊवारी सोडून गोल साडी नेसायला लागली तीच सुरतेत आल्यावर.

माय घरी साड्यांचे धागे कापायची. मशीनवरून भरतकाम होऊन आलेल्या साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा. माझा जुना मोबाइल तिने कण्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा आणि त्यावर जे लागेल ते ऐकत ती काम करायची. असंच एकदा कीर्तनानंतर आपोआप त्याचं गाणं लागलं. मी बदलायला गेले तर म्हणाली, ‘राहू दे. बोलू दे त्याले.’

तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मला तरी कुठे कळत होतं. पण माय ठामपणे अर्थ सांगायची. ‘आते तो सांगी राहिना, माय दार उघड, भूक लागनी.’ पुढच्या गाण्यात तो भावकीशी भांडत असायचा, त्याच्या पुढच्यात बहिणीला घ्यायला निघालेला असायचा. शेजारणीच्या जावयाने एकदा खरा अर्थ सांगितला. तो उत्तरेत नोकरीला होता, त्याला ती बोली येत होती. म्हणाला, मावशी, या गाण्यात नुसत्या गाड्या आहेत, दारू आहे, दुश्मनांना दिलेल्या धमक्या आहेत. माय कात्री न थांबवता म्हणाली, ‘भुक्या पोऱ्या गाडीन्याच गोठी करस.’ भुकेला पोरगा गाड्यांच्याच गोष्टी करणार, दुसरं काय. मी त्या दिवशी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

मला तो का आवडायचा ते मी सांगू शकते. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. माझी गुजराती खानदेशी वळणाची, हिंदी त्याहून वाईट, आणि अहिराणी तर उंबरठ्याच्या आत ठेवून यायची गोष्ट. हा माणूस मात्र आपली बोली घेऊन थेट स्टेजवर चढला आणि हजारो लोक न कळणारे शब्द पाठ करून त्याच्याबरोबर ओरडले. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तो कुणाचा कोण, तरीही वाटायचा.

मायला का आवडायचा, हे मात्र कुणाला सांगता आलं नाही. लोकांना कारण लागतं. तिचा एखादा मुलगा गेला असेल, म्हणायचे. नव्हता गेला. मी एकुलती एक. नवरा मारत असेल. माझे वडील लूमवर आयुष्य काढलेले, मागांच्या खडखडाटात कान पार गेलेले, मुंगीलाही न मारणारे. कसलंही दुःख लपलेलं नव्हतं. तिला तो आवडायचा, बास. बाईमाणसाला एखादी गोष्ट उगाच आवडू शकते, हे आपल्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही.

तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी तिने कात्री बाजूला ठेवली आणि गठ्ठा तसाच परत पाठवला. टीव्हीवर त्याची आई दिसत होती. माय म्हणाली, ‘हाई बाई आते जेवाव नही.’ आणि तीही जेवली नाही.

मग काही महिन्यांनी आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे हा दिवस मेलेल्या माणसांचा. मातीची नवी घागर आणून भरायची, तिच्यावर छोटं मडकं ठेवायचं, त्यावर खरबूज, नाहीतर आंबा. उंबरठा धुवून त्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवायचं आणि प्रत्येक बोटागणिक घरातल्या एकेका मेलेल्याचं नाव घ्यायचं. दुपारी कुणा नातेवाइकाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, जेवू घालायचं. त्या दिवशी त्यालाच पितर म्हणायचं. तो जेवला की आपला माणूस जेवला. आणि एकदा पाटावर बसलेल्या पितराने भरल्या ताटावरून उठायचं नाही. तो उठला तर मेलेला वर्षभर उपाशी राहतो.

एरवी सगळ्या पूर्वजांची मिळून एकच घागर असते. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल, तरच त्याच्या नावाने दुसरी, वेगळी घागर भरतात. दारात दोन घागरी दिसल्या की गल्ली समजते, या घरात यंदा मौत झाली.

त्या सकाळी मी उठले तर दारात दोन घागरी होत्या.

‘माय, दुसरी कोणाची?’

‘त्याची,’ असं म्हणून तिने मोबाइलकडे हनुवटी केली. मी म्हटलं, आपल्याच घागरीत त्याचं नाव घे की, कुणाला कळणारही नाही. त्यावर तिचं म्हणणं असं की आपले म्हातारे फार खडूस होते, ते परक्या पोराला पाण्याजवळ फिरकू देणार नाहीत. तिने याचा पूर्ण विचार केला होता. मग ती उंबरठ्यापाशी बसली, सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, चुलत्यांची घेतली, आणि शेवटचं बोट उठवताना त्याचं ते स्टेजवरचं नाव घेतलं. तिच्या तोंडी ते पार खानदेशी झालं होतं.

तासाभरात बायका यायला लागल्या. पहिली आली ती तोंडाला पदर लावूनच. मायच्या गळ्यात पडली आणि सूर लावून रडायला लागली. आमच्याकडे वर्षातल्या मौतीच्या घरी आखाजीला रडायला जायची रीत आहे, त्यामुळे तिचं काहीच चुकलं नव्हतं. चांगलं रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, ‘पन कोन मरनं व माय?’

मायने सांगितलं. त्या बाईने पदर खाली केला. मग म्हणाली, तो रिक्षावरचा? आणि खाली बसून पुन्हा रडली, या वेळी बिनसुराची. तिच्या मुलाच्या रिक्षावर तोच होता. त्यानंतर आलेल्यांतल्या काही हसल्या, काहींनी कपाळाला हात लावला, एकीने जाता जाता मला बाजूला घेऊन मायला डॉक्टरला दाखवायला सांगितलं. मी तिला म्हटलं, आधी तुम्ही जा, कसा आहे डॉक्टर ते सांगा. असलं बोलणं मला फार लवकर सुचतं.

बातमी मात्र गल्लीत थांबली नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगा सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा, घरच्या भरतकामाच्या मशिनी. आमची भेट झाली होती आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. समोरचा बोलत असताना तो मध्ये तोंड घालत नसे, ऐकून घ्यायचा. आमच्याकडे असे पुरुष रांग लावून उभे नाहीत. जेठ महिन्यात लग्न उरकायचं ठरत होतं.

हे स्थळ आबांनी आणलं होतं. आबा म्हणजे वडिलांच्या भावकीतले थोरले. गावाकडून एकेकाला सुरतेत आणून लूमवर लावलं ते त्यांनी. आमच्या नात्यातलं कुठलंही लग्न, भांडण, वाटणी त्यांच्याशिवाय होत नाही. आजोबांच्या नावाचे पितर म्हणून दरवर्षी आमच्या घरी तेच बसायचे. त्या दिवशी ते दुपार व्हायच्या आधीच आले आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागले.

‘कडोदरावाला फोन करी राहिनात. घरमा कोन मरनं इचारतस. वरीसभर लगीन व्हवाव नही म्हनतस. ही दुसरी घागर कोनी शे?’

‘त्या गानारा पोऱ्यानी,’ माय म्हणाली.

‘कोन्हा गोतना तो? तुना कोन लागस?’

‘कोनीच नही.’

‘मंग?’

‘मंग काय. मनं मन व्हयनं.’

आबांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांना निम्मं ऐकू आलं नसेल, पण चेहरे वाचता येत होते. त्यांनी मान खाली घातली. आबा म्हणाले, घरनं व्हयनं थोडं आनि याहीनी धाडं घोडं. आपल्या मेलेल्यांना जेवू घालता घालता नाकी नऊ येतात, त्यात हा सडकछाप कुठून आला. दारू पिऊन गाडी चालवणारा. दारू पिऊन, हे त्यांनी पदरचं घातलं होतं. मग ते माझ्याकडे वळले. ‘तू शिकेल शे. तुनं लगीन शे. उचल ती घागर. मी सांगस त्यासले, चूक व्हयनी, कोनी मरेल नही.’

मी स्वयंपाकघरात गेले. माय पुरण वाटत होती. मी विचारलं, ‘उचलू का?’

ती म्हणाली, ‘तुले उचलनी व्हई ते उचल. मी राग धराव नही.’ आणि तिने खरंच राग धरला नसता, हीच अडचण होती. आयुष्यभर ती असंच करत आली. गावची ओळखीची माणसं सोडायला लागली, सोडली. लुगडं सोडलं. बिल्डिंगच्या जिन्यात अहिराणी बोलू नकोस असं मीच तिला सांगितलं होतं, तेही तिने ऐकलं. कधी काही मागितलं नाही. आज पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं, आणि ते काय, तर एका परक्या पोराला पोटभर जेवू घालायचं होतं.

मी दारात जाऊन घागरीपाशी उभी राहिले. माती नवी होती, पाणी पाझरत होतं, खाली फरशीवर ओल आली होती. मला कडोदऱ्याचा तो मुलगा आठवला. घागर उचलायला वाकलेसुद्धा. आतून आबांचा आवाज येत होता, असल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्यांची नावं पोरं गोंदवून घेतात, यांना आईबापाची नावं तरी धड लिहिता येतात का. आणि माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने आपल्या गावची बोली साऱ्या मुलखाला ऐकायला लावली, त्याला नावं कोण ठेवतंय, तर मार्केटमध्ये पाऊल टाकताच अहिराणी खिशात घालणारे आमचे आबा. आणि त्यांच्यासारखीच मी. मी सरळ उभी राहिले आणि हात ओढणीला पुसले. घागर होती तिथेच होती.

आत आले तेव्हा काही बोलले नाही. आबांनी ते हो समजलं. आमच्यात बाई गप्प बसली की पुरुष तिच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावून घेतो.

माथ्यावर ऊन आलं तशी पंगत मांडली. आतल्या खोलीत पाट ठेवला, आबा बसले. वडिलांनी त्यांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. मायने ताट वाढलं. पुरणपोळी, रस, भजी, कुरडई, सगळं. शेगडीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास पडला, धूर झाला, आबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

तेव्हा मायने भिंतीला टेकवलेला दुसरा पाट आणला आणि आबांच्या शेजारी मांडला. पुढे दुसरं ताट ठेवलं.

आबांचा हात ताटातच थांबला. ते उठू शकत नव्हते. उठले असते तर माझे आजोबा, त्यांचे सख्खे चुलते, वर्षभर उपाशी राहिले असते. आणि आबांचा या सगळ्यावर आमच्याहून जास्त विश्वास होता. मायने हे कधी ठरवलं होतं कोण जाणे. सासरची रीत तिला सासरच्यांपेक्षा चांगली पाठ होती.

‘कोन बठाव शे त्यावर?’ आबांनी बसल्या जागेवरून विचारलं. ‘सांग ना. कोन बठी त्या बेवारशीना नाववर?’

प्रश्न खरा होता. वडील यजमान, त्यांनी पाय धुवायचे, त्यांना बसता येत नव्हतं. गल्लीतला कुठलाही पुरुष आबांच्या देखत बसला नसता. आणि बाई पुरुषाच्या नावाने पितर बसल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं, त्यातून बिनलग्नाची. माय रिकाम्या पाटाकडे बघत उभी होती. तिने इथवर सगळं जुळवून आणलं होतं. यापुढचं तिला सुचलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी जाऊन बसले.

‘ऊठ,’ आबा म्हणाले. ‘कडोदराना लोकेसले मी काय सांगू?’

‘सांगा, पोरगी पितर होऊन जेवायला बसली होती,’ मी म्हणाले.

ते लग्न मोडलं. आठवडाभराच्या आतच निरोप आला. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही, मला तो मुलगा खरंच हवा होता. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, तसं घरच्यांचंही ऐकून घेतलं. पण कुणी मला आज पुन्हा त्या दारात उभं केलं, तर मी पुन्हा तेच करीन. त्या गाणाऱ्याला मी देव मानते म्हणून नाही. माझ्या मायने त्याला जेवायला बोलावलं होतं म्हणून.

त्या दुपारी मी पाटावर बसले तेव्हा वडील तांब्या घेऊन माझ्यासमोर खाली बसले. त्यांनी त्याचं एकही गाणं कधी ऐकलेलं नव्हतं, ऐकू येणं शक्यच नव्हतं. आबांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली. ती त्यांना दिसली, मी त्यांचे डोळे पाहिले. तरी त्यांनी माझे पाय धुतले, स्वतःच्या उपरण्याने पुसले आणि कपाळाला गंध लावलं. मग माय आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेणार होते, तोवर ती बोलली, पण माझ्याशी नाही. ‘लांबून उना रे भाऊ. धीरे धीरे जेव.’

मी जेवले. आबा माझ्याकडे न बघता एकेक घास गिळत होते. मी पोळीवर पोळी घेतली, कारण पाटावर बसलेल्याने अर्धवट जेवून चालत नाही. वाटीतला रस संपला, ते मायच्या लक्षात आलं नाही. ती दाराशी बसून पदराने डोळे टिपत होती.

आबांनी माझ्या रिकाम्या वाटीकडे एकदा पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं. आयुष्यभर त्यांनी कुणाच्याही घरच्या पंगतीतून पितर अर्धपोटी उठू दिला नव्हता.

‘त्याले रस वाढ,’ ते मायला म्हणाले.